मशीनच्या पाठीवरची ताटी

ही हकीकत सांगायचं मी फार वर्षं टाळलं. त्याहून वाईट हे की तिची एक खोटी गोष्ट करून ती मी लोकांना हसत हसत सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितली, दुकानाच्या ओट्यावर सांगितली, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. अमरावतीच्या एका वकिलांकडे आम्ही थंड हवेचं मशीन बसवलं, तर त्यांच्याकडच्या पाणी मारणाऱ्या बाईने त्याच्या पाठीवर वाळ्याची ताटी बांधली आणि पाणी ओतून ओतून मोटर जाळून टाकली. एवढं म्हटलं की लोक हसत. मीही हसत असे.

मागच्या उन्हाळ्यात मुलाच्या घरचा एसी साफ करायला एक मेकॅनिक आला. तो गॅलरीतल्या डब्यावर पाइपने पाणी सोडत होता आणि मी खुर्चीत बसून सवयीने तीच गोष्ट सुरू केली. तो हसला नाही. पाइप तसाच धरून म्हणाला, "काका, पाण्यानं कुठं मोटर जळते? मी तं रोज मारतो पाणी. मागून थंडी राह्यली तं मशीनले आरामच पडते." मग म्हणाला, "तुमच्या वक्ताले दुसरंच काही झालं असन."

दुसरंच झालं होतं. काय झालं होतं ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं. आता लिहून ठेवतो. लिहिल्याने काही हलकं वाटेल अशी अपेक्षा या वयात उरलेली नाही. फक्त ती खोटी गोष्ट माझ्यामागे कोणी सांगत राहू नये.

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरचा दुसरा-तिसरा उन्हाळा असेल. मी चोविशीत होतो आणि अकोल्यात पंखे-मोटरींच्या एका दुकानात मिस्त्री होतो. आमचं स्वतःचं घर टिनाचं. चैत्र लागला की वडील टिनांवर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाड थर द्यायचे, आई दाराला जुनं लुगडं भिजवून टांगायची. सकाळी नऊला खिडक्या लावायच्या त्या संध्याकाळी उघडायच्या. मधल्या वेळात अंधारात पडून राहायचं, डोक्याला ओला दुपट्टा बांधायचा आणि कोणाशी फार बोलायचं नाही. माणूस बोलला की त्याला जास्त गरम होतं असं वडिलांचं मत होतं. मे महिन्यात आमच्या घरात भांडणंसुद्धा होत नसत, एवढी कोणात ताकद नसे.

वकिलांचा बंगला अमरावतीत कॅम्पाच्या बाजूला होता. तिथला उन्हाळा निराळा. पश्चिमेच्या तीन दारांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवलेली, दारापेक्षा वीतभर मोठी. त्यांच्यावर दिवसभर पाणी मारायला एक बाई होती. मार्चच्या शेवटी ती यायची आणि मृग लागला की तिचं काम संपायचं. असे आठ-नऊ उन्हाळे तिने त्या घरात काढले होते. चाळिशी उलटलेली, बोलायला तिखट, कोपरापर्यंत हात वाळ्याच्या काड्यांनी ओरखडलेले. गावाच्या कडेला बौद्धांची वस्ती होती तिथून ती पायी यायची. घरात तिचा वावर नव्हता. अंगणातल्या हौदापासून ताटीपर्यंत, तेवढाच तिचा बंगला. ताटीच्या अलीकडची खोली ती थंड करायची, पण त्या खोलीत ती कधी बसली असेल असं मला वाटत नाही.

आणि तरी त्या घरातल्या वकिलीणबाईंची खरी सोबत तीच होती. वकिलीणबाई दुपारभर त्या खोलीत पलंगावर पडून असत आणि ताटीतून दोघींचं बोलणं चाले. एक आत, एक बाहेर, मध्ये ओला वाळा. एकीचं तोंड दुसरीला दिसत नसे. कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाची सासू कशी आहे, आज पाण्याला वास कसला येतोय, सगळं ताटीतून.

वकिलीणबाईंना दमा होता. त्या वर्षी तो वाढला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही ओली हवा त्यांना चालणार नाही, कोरडी थंड हवा द्या. म्हणून ते मशीन आलं. वकिलांनी कुठून कुठून परवानगी काढून ते मुंबईहून मागवलं होतं, आणि बसवायचं काम आमच्या दुकानाकडे आलं, कारण आमच्या मिस्त्रीला हे काम येतं असं मालकांनी त्यांना सांगितलं होतं. मी तोपर्यंत असलं मशीन एकदाच, तेही नागपूरच्या एका हापिसात, लांबून पाहिलं होतं.

ते उत्तरेच्या खिडकीत बसवायला हवं होतं. पण उत्तरेला व्हरांडा होता, अशील तिथे बसत, आणि वकिलांना तिथे ती लोखंडी पेटी बाहेर आलेली नको होती. मी हो म्हटलं. मशीन पश्चिमेला बसलं आणि त्याची पाठ दुपारभर उन्हात राहिली. पहिली चूक ती.

मी भिंत फोडत होतो तेव्हा बाई हौदाच्या काठावर बसून पाहत होती.

"हे मशीन पानी किती पेते, भाऊ?"

"पाणी नाही पीत, बाई. वीज लागते त्याला."

"पान्याबिगर थंडं कसं करन?"

मी तिला समजावलं की खोलीतली गरमी ते उचलतं आणि मागच्या बाजूने बाहेर टाकतं. मशीन सुरू केलं तेव्हा तिने जाळीसमोर हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"म्हंजे आतली सारी आग माह्याच आंगावर टाकून राह्यले तुमी? बरं हाये. आठ वर्सं म्या त्याइले थंडं केलं, आता ते मले गरम करतीन."

आम्ही दोघंही हसलो. तेवढ्यात वकील बाहेर आले. आतल्या थंडाव्याने खूश होते. "चला," तिला म्हणाले, "तू सुटलीस म्हणायची पाण्यातून. या आठवड्यापुरती ये, मग नाही आलीस तरी चालेल."

"अन् साहेब, ते शाळेचं?"

"आहे लक्षात. जूनला शाळा उघडू दे."

शाळेचं म्हणजे काय ते तिने मला दुपारी सांगितलं. वकील मुलींच्या एका शाळेच्या कमिटीवर होते. तिथली आया म्हातारी झाली होती, जूनमध्ये जाणार होती. ती जागा हिला द्यायचं वकिलांनी कबूल केलं होतं. "बारा महिन्याचं काम, भाऊ. सावलीतलं. आता पायजा, अडीच महिने पानी मारतो अन् बाकीचे महिने दुसऱ्याच्या वावरात मजुरी. पोरगी माही सातवीत हाये. आया झाली तं पोरीले मॅट्रिक करतो." मग आवाज उतरवून म्हणाली, "पन जूनपर्यंत साहेबाच्या डोळ्यासमोर राहाले पायजे. डोळ्याआड झाली का इसरन तो मानूस. मोठ्या लोकाइले कामं लय असतात."

मी हं हं केलं. मला अकोल्याची गाडी पकडायची होती.

आठवड्याने वकिलांचा दुकानात फोन आला. मशीन बंद पडलं होतं. मी गेलो. उन्हात तीन तासांचा प्रवास, गाडीच्या पत्र्याला हात लागला तर पोळायचा. जाऊन पाहतो तर फ्यूजची तार वितळलेली आणि मशीनच्या पाठीमागे वाळ्याची ताटी बांधलेली. काढून टाकलेल्या ताट्यांपैकीच एक. दोन बांबू जमिनीत रोवून तिने ती मशीनपासून हात-दीड हातावर उभी केली होती आणि टमरेलाने वरच्या काठावरून पाणी सोडत होती. ते मुळांमधून झिरपत खाली येत होतं.

"हे काय केलं?" मी ओरडलोच. "विजेचं यंत्र आहे ते, बाई."

"त्याले कुठं लागते पानी? पायजा नं. त्याच्याजवळ एक थेंब जात नाही. त्याच्या पाठीले ऊन लागे म्हून सावली केली. मानसाले ताप आला तं कपाळावर पट्टी ठेवता का नाही तुमी?"

आतून वकिलांचा स्वैपाकी बाहेर आला होता. तो म्हणाला, "मी सांगतलं हिले. आयकते का? मशीनले ताप आला म्हणते."

मी नवी तार घातली, मशीन सुरू केलं आणि किती वीज ओढतंय ते पाहायला वायरीला चिमट्याचा मीटर लावला. ताटी बाजूला करून पाहिलं. ताटी लावून पाहिलं. परत बाजूला केली, परत लावली. प्रत्येक वेळी ताटी असताना काटा खाली येत होता. खोटं वाटावं इतका. मशीनचा आवाजही नरमायचा. त्या ताटीतून झिरपून आलेली हवा मशीनच्या पाठीला लागत होती, आणि पाठ थंड म्हणून आतलं काम हलकं. मला जे पुस्तकातून कळायला हवं होतं ते तिने हात लावून ओळखलं होतं.

मी वकिलांना बोलावून काटा दाखवला. म्हटलं, "साहेब, ही ताटी राहू द्या. मशीनवरचा भार कमी होतो. आणि बाईला पाणी मारायला ठेवा जूनपर्यंत."

वकील म्हणाले, "म्हणजे मशीन आणलं तरी पाणीवाली आहेच?" पण त्यांनी मान्य केलं.

ते आत गेल्यावर ती म्हणाली, "भाऊ, तुमी आता मोजलं नं, ते कागदावर लेहून द्या साहेबाले."

"कागद कशाला? मी आहे ना."

हे माझे शब्द आहेत. ते मला आजही त्याच आवाजात ऐकू येतात.

फ्यूज मात्र जातच राहिला. त्याचं कारण ताटी नव्हती, वीज होती. दुपारी दोननंतर अमरावतीत विजेचा दाब इतका उतरायचा की बल्ब विडीच्या टोकासारखा लालसर दिसायचा. अशा वेळी मशीनची मोटर फिरायला जाते, फिरू शकत नाही, आणि तार तापून वितळते. वितळते हे बरोबरच आहे. ती मोटरला वाचवण्यासाठीच असते. मी वकिलांना सांगितलं, दिवा लाल झाला की मशीन बंद ठेवा.

"म्हणजे दुपारी बंद? मग चालवायचं कधी, दिवाळीत?" ते म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. आत पलंगावर वकिलीणबाईंचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू यायचा. खोली तापली की वाढायचा.

एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी चार वेळा गेलो. चौथ्या वेळी मूर्तिजापूरजवळ गाडी बंद पडली. झाड नव्हतं. गाडीच्या सावलीत आम्ही सगळे एका रांगेत उकिडवे बसलो होतो, बायका-पोरांसकट, आणि सावली जशी सरकेल तसे सरकत होतो. अमरावतीला पोचलो तेव्हा माझं डोकं ठणकत होतं, नाकातून रक्त आलं होतं. बाईने मला हौदाजवळ बसवलं आणि डोक्यावर पाणी घातलं. मी फ्यूज काढला. वितळलेली तार उपसली. पिशवीत तांब्याची वायर होती, तिच्यातले सात पदर एकत्र पिळले आणि ते फ्यूजमध्ये घातले. ही तार वितळणार नव्हती. मला परत यावं लागणार नव्हतं. मी काय करत होतो ते मला त्या वेळीही नीट माहीत होतं. एवढंच मनाशी म्हटलं की महिन्याचा तर प्रश्न आहे, मृग आला की उन्हाळा संपेल.

बारा-तेरा दिवस गेले. मग फोन आला की मशीनमधून धूर निघाला.

मी गेलो. व्हरांड्यातूनच जळक्या मोटरीचा वास आला, त्या धंद्यातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. मशीनकडे जाण्याआधी मी फ्यूज गाठला. सात पदरांची तार जशीच्या तशी होती, नुसती काळी पडली होती. ती काढून खिशात घातली आणि बारीक तार तोडून तिथे लावली. एवढं होईपर्यंत कोणी आलं नाही. मग मी मशीनच्या मागे गेलो. मोटरीच्या जोडणीवरचं झाकण उघडलं. आत कोरडं होतं, एप्रिलपासूनची बारीक धूळसुद्धा तशीच होती. पाणी तिथवर कधी पोचलंच नव्हतं. मी झाकण लावून टाकलं.

मागे वकील येऊन उभे होते. त्यांच्या मागे स्वैपाकी. बाई हौदाजवळ उभी होती, हातात टमरेल तसंच.

"काय झालं?" वकिलांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. ताटीखालची जमीन ओली होती. रोजच असायची. मी म्हटलं, "पाणी गेलं, साहेब."

एवढंच वाक्य. ते बोलताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

स्वैपाकी लगेच म्हणाला, "मी पयल्या दिवसापासून सांगून राह्यलो. या लोकाइले काय समजते मशीनीतलं."

बाई पुढे आली. "पानी कसं जाईन? ताटी हातभर दूर हाये. भाऊ, तुमीच तं मोजून सांगतलं होतं साहेबाले, ताटीनं आराम पडते म्हून. तुमीच ठेवा म्हनलं होतं."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते आठवत होतं. ते म्हणाले, "हो, तुम्ही काटा दाखवला होता."

तिथे मला अजून मागे फिरता आलं असतं. मी म्हटलं, "साहेब, मी सावलीपुरती ताटी ठेवा म्हटलं होतं. एवढं पाणी मारायला नव्हतं सांगितलं."

ती अगदी हळू म्हणाली, "खोटं नका बोलू, भाऊ." आणि वकिलांकडे वळून, "साहेब, तुमी होते नं तिथं. तुमच्यासमोर झालं बोलनं."

वकील रोज कोर्टात साक्षी तपासणारा माणूस. पण मी मिस्त्री होतो, पोटापाण्यासाठी विजेचं काम करणारा, आणि ती पाणी मारणारी, वस्तीतली बाई. त्यांनी फार विचार केला नाही. कोणाचं खरं धरलं जाईल हे मला बोलण्याआधीच माहीत होतं. त्या माहितीवरच मी बोललो होतो. ते म्हणाले, "जा तू आता. उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, शाळेचं..."

"एवढं झाल्यावर तुला शाळा कशी सांभाळायला देऊ?"

तिने टमरेल हौदाच्या काठावर उपडं ठेवलं. दोन्ही बांबू जमिनीतून उपटले, ताटी उचलून भिंतीला टेकवून ठेवली, बाजूला पडलेल्या वाळ्याच्या काड्या गोळा केल्या. काम सोडतानाही अंगण झाडून निघाली.

निघताना वकिलीणबाईंनी मला आत बोलावलं. खोली तापलेली होती, त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मशीनसाठी काच लावून बंद केलेल्या खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, "हे मशीन आलं तेव्हापासून मला तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आज आलं. मिस्त्री, खरंच पाण्यानेच झालं का हो?"

मी म्हटलं, "हो बाई, पाण्यानेच."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "बरं," म्हणाल्या, आणि श्वास घ्यायला थांबल्या. त्यांना माझं खरं वाटलं नव्हतं. पण त्या घरात त्यांच्या वाटण्यावर काही ठरत नसे.

मशीन अकोल्याला आणलं, तिथून मोटर मुंबईला गेली. मालकांनी कारण विचारलं, मी पाणी सांगितलं. त्यांना ती गोष्ट इतकी आवडली की येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागले. मशीनला ताप आला म्हणून कपाळावर पट्टी. हळूहळू ती गोष्ट माझीच झाली. पुढे तर मी बाईचा आवाज काढून ती सांगायला लागलो.

जुलैत मशीन परत बसवायला गेलो. तोपर्यंत पाऊस लागून गेला होता आणि मशीनची कोणालाच घाई नव्हती. शाळेत दुसरी आया लागली होती. हे स्वैपाक्याने सांगितलं, मी विचारलं नव्हतं. मी नियमाप्रमाणे बारीक तार घातली आणि वकिलांना सांगितलं की दिवा लाल झाला की मशीन बंद ठेवा. या वेळी त्यांनी ऐकलं. पुढे ते मशीन कित्येक वर्षं चाललं.

यानंतर सात-आठ वर्षं मी माझ्या कामात होतो. लग्न झालं, स्वतःचं दुकान झालं. अकोल्यात तेव्हा टिनाचे कूलर बनायला लागले होते. पत्र्याची पेटी, आत पंखा, तीन बाजूंना ओला वाळा. मी ते बनवू लागलो आणि माझं बरं चाललं. लोक म्हणायचे मिस्त्रीने डोकं चालवलं. ते डोकं कोणाचं होतं हे मी कोणाला सांगितलं नाही. तिला शोधायचं बऱ्याचदा मनात यायचं. दर उन्हाळ्यात यायचं आणि पावसाळ्यापर्यंत थकून बसायचं.

मग साठचं दशक संपता संपता एकदा तेल्हाऱ्याला कापसाच्या एका जिनिंगची मोटर पाहायला गेलो होतो. काम आटोपून स्टँडवर उभा होतो. कोणीतरी म्हणालं, "मिस्त्रीभाऊ नव्हं का?"

ती होती. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती. मी ओळखलं नाही असं दाखवायचा क्षणभर विचार केला, पण तोंडावर दिसलंच असणार.

"ओळखलं का?" ती म्हणाली.

"ओळखलं. तुम्ही इथे?"

"पोरगी मास्तरीन हाये इथल्या शाळेत. तिच्याजवळच असतो म्या."

मुलगी शिकली होती तर. मला इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. मी विचारलं, "मॅट्रिक झाली मग?"

"झाली. वावरातली मजुरी करून केली. दोन वर्सं मधातच गेले तिचे, शाळा सोडून कामावर नेली मले सोबतीले. मंग पुन्हा बसवली शाळेत." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. आठवून सांगत होती. मग म्हणाली, "चाला नं घरी. हे काय, पान्याच्या टाकीमांगं. चहा घ्या. पोरगी येईनच आता शाळेतून."

मला काय बोलायचं ते तोंडात तयार होतं. पण तिच्या घरी जाऊन बसायचं, तिने चुलीवर चहा ठेवायचा, मुलीने येऊन नमस्कार करायचा, आणि त्या मुलीसमोर मी ते सांगायचं, हे डोळ्यांपुढे आलं. तिच्या हातचं काही घ्यायचा मला हक्क नाही असं वाटलं. मी म्हटलं, "नको, चहा नको. गाडी येईल माझी."

"गाडीले तास हाये आखीन."

"नको, खरंच नको."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. वकिलांच्या अंगणात पाहिलं होतं तसं नाही. या वेळी तिच्या चेहऱ्यावर समजल्यासारखं काहीतरी आलं, आणि मग तो चेहरा बंद झाला.

"बरं," ती म्हणाली. "घेत नाहीत कोनी कोनी आमच्या घरचं. मले आठवलं नाही."

मी काय समजावणार होतो? चहा मी त्या कारणाने नाकारला नव्हता. पण खरं कारण सांगायचं तर मोटरीपासून सांगावं लागलं असतं. तिने पदर सारखा केला, "या मंग," म्हणाली, आणि टाकीच्या बाजूने निघून गेली. मी तासभर त्या स्टँडवर उभा होतो. पाण्याची टाकी तिथून दिसत होती. चालत पाच मिनिटंही लागली नसती.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम तेल्हाऱ्याला गेलो. मुलीची बदली झाली होती, अचलपूरकडे कुठेतरी असं शेजारच्यांनी सांगितलं. आणखी काही महिन्यांनी अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यापर्यंत गेलो, स्टँडवर चहा प्यालो, कोणाला विचारावं ते ठरवत बसलो आणि मिळेल त्या गाडीने परत आलो. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा गेलो नाही. नंतर कधीतरी तेल्हाऱ्याच्याच एका माणसाकडून कळलं की मास्तरीनबाईंची आई वारली. त्या माणसालाही मी एकदा ती गोष्ट सांगितली होती, खोटी, हसत हसत. ती बाई हीच, हे त्याला माहीत नव्हतं.

स्टँडवर जे तोंडात तयार होतं ते असं होतं.

बाई, मोटर तुमच्या पाण्याने जळली नाही. मी फ्यूजमध्ये जाड तार घातली होती म्हणून जळली. तुम्ही बांधलेली ताटी बरोबर होती, मी ती मोजली होती, आणि वकिलांसमोर मी खोटं बोललो. तुमची शाळेची जागा माझ्यामुळे गेली, मुलीची दोन वर्षं माझ्यामुळे गेली. चहा तुमच्या घरचा म्हणून नको म्हटला नाही, मला लाज वाटत होती म्हणून म्हटला. मला माफ करा. गाडीला अजून तास आहे. चला तुमच्या घरी, चहा घेतो मी.